बंद लॅपटॉपची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर आधी वॉट मोजावेत

गेल्या वर्षीच्या जूनपासून माझ्या लॅपटॉपला एक विचित्र खोड जडली. सकाळी घरातून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असे, झाकण लावून लॅपटॉप बॅगेत ठेवलेला असे, आणि दोन तासांनी जांबोटीला किंवा नंदगडला सोसायटीच्या कार्यालयात जाऊन उघडला की जवळजवळ निम्मी बॅटरी गेलेली असे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तीन-चार लहान पतसंस्थांचे हिशेब मी लिहितो. पावसाळ्यात आमच्या भागात झाड तारेवर पडले की वीज केव्हा येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे बॅटरीत किती उरले आहे यावरच त्या दिवशी किती काम होणार ते ठरते. लॅपटॉप बेळगावातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे तो चालू करूनही न पाहता ‘बॅटरी संपली, नवीन घाला’ असे सांगण्यात आले, आणि मीही २,८०० रुपये मोजून नवीन बॅटरी घालून घेतली. आठवडा बरा गेला. पुढच्या मंगळवारी नंदगडला लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर ५७ टक्के.

ही तक्रार अनेकांची असते आणि बहुतेकांना तोच सल्ला मिळतो, म्हणून मी केलेली तपासणी इथे क्रमाने लिहितो. विंडोज असलेल्या कोणत्याही लॅपटॉपवर ती करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे टक्क्यांवरून काहीच कळत नाही. ४३ टक्के गेले म्हणजे नेमके किती गेले, हे बॅटरी केवढी आहे यावर अवलंबून असते, आणि किती वेळात गेले हे त्यात सांगितलेलेच नसते. म्हणून आधी बॅटरीचा अहवाल काढावा. स्टार्टच्या शोधपट्टीत सीएमडी ही तीन अक्षरे लिहिली की कमांड प्रॉम्प्ट दिसते. तिच्यावर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे. काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ हा एकच जोडशब्द, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे रोमन अक्षरांत लिहून एंटर दाबावे. अहवाल कोणत्या फोल्डरमध्ये साठवला ते त्याच खिडकीत छापून येते. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. अहवाल लांबलचक असला तरी सुरुवातीला दोनच आकडे पाहायचे असतात. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हाची क्षमता, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज ती पूर्ण भरल्यावर प्रत्यक्षात जेवढी भरते तेवढी. दोन्ही आकडे मिलिवॉट-तासांत असतात. हजाराने भागले की वॉट-तास मिळतात; एक वॉट तासभर खर्च झाला की एक वॉट-तास.

माझ्या नव्या बॅटरीचे आकडे अनुक्रमे ४१,४४० आणि ४०,६०० होते. बॅटरी ठणठणीत होती. मग ५७ टक्के का?

इथे हिशेबनिसाची सवय कामी आली. ४०.६ वॉट-तासांचे ४३ टक्के म्हणजे साधारण साडेसतरा वॉट-तास. ते दोन तासांत गेले, म्हणजे तासाला पावणेनऊच्या आसपास. बॅगेतला माझा लॅपटॉप पावणेनऊ वॉट खात होता. तोच लॅपटॉप रात्री दहाला झाकण लावून टेबलावर ठेवला आणि सकाळी सहाला उघडला, तेव्हा १०० चे ९५ झालेले होते: आठ तासांत दोन वॉट-तास, म्हणजे पाव वॉट. एकाच बॅटरीचे, एकाच लॅपटॉपचे, झाकण लावलेल्या अवस्थेतले हे दोन आकडे, आणि त्यांच्यात पस्तीसपट फरक. पाव वॉट हा झोपलेल्या लॅपटॉपचा खर्च आहे. आठ-नऊ वॉट हा जागा राहून काहीही न करणाऱ्या लॅपटॉपचा खर्च आहे. बॅटरी खराब असती, तर टेबलावरही उतरली असती. म्हणजे बॅगेत लॅपटॉप झोपत नव्हता, किंवा झोपलेला कोणीतरी उठवत होते.

तेव्हापासून मी एक छोटी वही ठेवली. रोजकीर्दीसारखे चार रकाने: झाकण लावण्याची वेळ व टक्के, उघडण्याची वेळ व टक्के, मध्ये लॅपटॉप कुठे होता, आणि शेरा. ही वही कंटाळवाणी वाटते, पण अधूनमधून होणाऱ्या बिघाडाला दुसरा इलाज नाही, कारण असा बिघाड दुकानदारासमोर कधीच होत नाही. दहा-बारा दिवसांत वहीत एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. खानापूरहून बेळगावला रेल्वेने गेलो त्या दिवशी बॅटरी ९८-९९ असे. जांबोटी-नंदगडला एसटीने गेलो त्या दिवशी ती उतरलेली असे, आणि जितका रस्ता खड्ड्यांचा, तितकी ती अधिक उतरलेली असे. एकदा बसमध्येच बॅगेत हात घातला, तर आतली वह्या-पावत्यांची चळत इस्त्री केल्यासारखी गरम लागली आणि तिच्याखाली पंख्याची बारीक घरघर ऐकू आली.

खड्डे आणि बॅटरी यांचा संबंध काय, हे मला आणखी एका आज्ञेने सांगितले. लॅपटॉप उघडल्या उघडल्या त्याच काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ आणि ‘लास्टवेक’ असे लिहिले की लॅपटॉपला शेवटचे कोणी उठवले त्याचे नाव येते. झाकणाने किंवा पॉवरच्या बटणाने उठवले असेल तर तसे येते. माझ्याकडे यूएसबीचे नाव आले. मग ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ, ‘डिव्हाइसक्वेरी’ आणि जागा सोडून ‘वेक अंडरस्कोर आर्म्ड’ ही आज्ञा दिली. अंडरस्कोर म्हणजे शब्दांमधली ती खालची आडवी रेघ. ज्यांना लॅपटॉप उठवण्याचा परवाना आहे अशा उपकरणांची यादी या आज्ञेने मिळते. त्या यादीत माझा बिनतारी माउस होता.

माउसचा नखाएवढा रिसीव्हर मी पोर्टमधून कधीच काढत नसे, कारण तो काढला की हरवतो. माउस बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असे आणि त्याचा खालचा खटका बंद करण्याचे भान मला कधी राहत नसे. बस खड्ड्यात आदळली की माउस हलायचा, रिसीव्हर लॅपटॉपला उठवायचा, आणि झाकण तर आधीपासूनच लावलेले असल्यामुळे झाकण लावताच झोपण्याची आज्ञा त्याला पुन्हा मिळत नसे. त्यात मार्चअखेरच्या घाईत मध्येच लॅपटॉप झोपू नये म्हणून मीच ‘किती वेळाने झोपावे’ या जागी ‘नेव्हर’ निवडून ठेवले होते आणि ते बदलायचे राहून गेले होते. म्हणजे एकदा जागा झालेला लॅपटॉप मी उघडेपर्यंत जागाच. रेल्वेत एवढे आदळत नाही, एवढाच रेल्वेचा गुण.

उपाय सोपा वाटला. डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘माइस’ या गटातल्या नोंदीवर डबल क्लिक केली, ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावरची ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्यावा’ अशा अर्थाची खूण काढली, आणि झोपेची वेळ पंधरा मिनिटांवर आणली. महिनाभर वहीत एकही वाईट नोंद नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा ६१ टक्के.

पुन्हा उद्भवलेली समस्या पहिल्यापेक्षा जास्त मनस्ताप देते, कारण आपण लावलेले निदानच चुकले की काय असे वाटू लागते. निदान चुकलेले नव्हते. उपाय अपुरा होता, आणि तोही दोन ठिकाणी. एक म्हणजे असे रिसीव्हर विंडोजला पुष्कळदा माउस आणि कीबोर्ड अशी दोन्ही उपकरणे म्हणून आपली ओळख सांगतात, कारण एकच रिसीव्हर दोन्हींसाठी बनवलेला असतो. मी माउसच्या नोंदीवरची खूण काढली होती, कीबोर्डच्या गटातली राहिली होती. दुसरे म्हणजे, आणि माझ्या बाबतीत खरे कारण हेच होते, प्रिंटरची केबल लावण्यासाठी मी रिसीव्हर डावीकडच्या पोर्टमधून काढून उजवीकडे खोचला होता. ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, ते दुसऱ्या पोर्टात लावले की विंडोजला ते नवीनच उपकरण वाटते. त्याची नवी नोंद तयार होते आणि त्या नोंदीवर उठवण्याचा परवाना पुन्हा आपोआप दिलेला असतो. जुन्या नोंदीवरची काढलेली खूण जुन्या पोर्टापुरतीच. ‘वेक आर्म्ड’ यादी पुन्हा काढल्यावर हे एका मिनिटात कळले, पण ती पुन्हा काढावी हे सुचायला चार दिवस लागले.

आता मी खुणांच्या मागे लागत नाही. झाकण लावल्यावर काय व्हावे, ही निवडच बदलून टाकली आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये डाव्या बाजूला झाकणाविषयीची ओळ आहे, तिथे ‘ऑन बॅटरी’ या रकान्यात ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ निवडावे. हायबरनेट पर्याय दिसत नसेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, तिरकी रेघ, ‘हायबरनेट’ आणि जागा सोडून ‘ऑन’ अशी आज्ञा द्यावी. झोपेत मेमरीला वीज लागत राहते. हायबरनेटमध्ये मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि यंत्र खरोखर बंद होते. तिथून त्याला माउसच्या हलण्याने उठता येत नाही. उघडायला अर्धा मिनिट लागतो. खानापूर स्टँडवर बसची वाट पाहणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटाचे काय?

माझी भाची बेळगावात टिळकवाडीत खोली घेऊन इंजिनिअरिंग शिकते. माझे हे उपद्व्याप ऐकून तिने फोन केला. “मामा, माझ्यात तर माउसपण नाही, तरी रात्री ९२ वर झाकण लावलं की सकाळी ६१ असते बघा. दुकानवाला बॅटरीच बदला म्हणतोय.” मी म्हटले, “अगं, त्याला पैसे देऊ नकोस आत्ता. आधी अहवाल काढ आणि वॉट मोज.” तिची बॅटरी ५४ वॉट-तासांची आणि जवळजवळ नवी होती. ३१ टक्के म्हणजे पावणेसतरा वॉट-तास, आठ तासांत. म्हणजे दोन वॉटच्या किंचित वर. हा आकडा मला नवीन होता. झोपलेल्याचा म्हणावा तर फार मोठा, जाग्याचा म्हणावा तर फार लहान.

उत्तर ‘पॉवरसीएफजी’ला तिरकी रेघ आणि नुसते ‘ए’ हे अक्षर जोडून मिळाले. यंत्राला झोपेचे कोणते प्रकार येतात ते ही आज्ञा सांगते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ‘एस ३’ हा प्रकार होता, ज्यात मेमरी सोडून जवळपास सगळे बंद होते. तिच्या नव्या लॅपटॉपवर ‘एस ०’ हा एकच प्रकार होता आणि त्याच्यापुढे ‘नेटवर्क कनेक्टेड’ असे लिहिलेले होते. याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात लॅपटॉप मोबाइलप्रमाणे डुलकी घेतो: पडदा काळा, पण वायफाय जोडलेले, मेल येत राहणार, मधूनच अपडेट उतरवले जाणार. सगळे जुळून आले तर हा प्रकारही कमी वीज घेतो. पण एखादा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, किंवा दुसरा एखादा प्रोग्राम अडून बसला की रात्रभर डुलकीही धड लागत नाही. ‘पॉवरसीएफजी’लाच तिरकी रेघ देऊन जोडायची ‘स्लीपस्टडी’ नावाची आज्ञा अशा प्रत्येक रात्रीचा अहवाल देते. त्यात किती वेळ यंत्र खरोखर शांत होते आणि कोणी शांत राहू दिले नाही त्यांची नावे असतात. तिच्या अहवालात वायफायच्या कार्डाचे नाव सर्वांत वर होते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर घातल्यावर खर्च निम्म्यावर आला, आणि झाकणाला हायबरनेट लावल्यावर प्रश्नच उरला नाही. नवा लॅपटॉप असलेल्यांनी एक सवय लावून घ्यावी असे मी सांगेन: बॅगेत ठेवायचा असेल तर आधी चार्जरची पिन काढावी, मग झाकण लावावे. चार्जर जोडलेला असताना ‘प्लग्ड इन’ या रकान्यातली निवड लागू होते, आणि तिथे बहुतेकांचे ‘स्लीप’ किंवा ‘काहीच करू नये’ असते.

शटडाउन करूनही बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर कारणे वेगळी असतात आणि बहुधा किरकोळ असतात. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर शटडाउन पूर्ण शटडाउन नसतो. प्रणालीचा गाभा हायबरनेट केला जातो, आणि काही यंत्रांवर त्यामुळे एखादे उपकरण अर्धवट जागे राहते. झाकणाच्या निवडीच्याच पानावरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअवेलेबल’ या निळ्या ओळीवर क्लिक करून ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढता येते. नुसते पडताळून पाहायचे असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद अवस्थेतही यूएसबीतून मोबाइल चार्ज होऊ देण्याची सोय चालू असेल, तर तीही बंद करावी. नुसती पडून राहिलेली लिथियम-आयन बॅटरी महिन्याला काही मोजके टक्केच गमावते. एका रात्रीत दहा टक्के गेले तर ते आपोआप गेले असे समजू नये.

काम करता करता बॅटरी लवकर संपते, हा तिसरा प्रकार. पडद्याचा उजेड, ब्राउझरच्या उघड्या खिडक्या, व्हिडिओ या गोष्टी सर्वांना माहीत आहेत; सेटिंग्जमधल्या ‘पॉवर अँड बॅटरी’च्या पानावर कोणत्या प्रोग्रामने किती खाल्ले तेही दिसते. पण आमच्या भागातल्या लोकांना त्या यादीत कधीच न दिसणारा एक खाणारा सांगायला हवा. वीज गेली की घरातले ब्रॉडबँडही जाते, मग मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडून त्याचे नेट वापरले जाते. जांबोटीच्या पश्चिमेला जंगलपट्टीत आधीच सिग्नल अशक्त. सीमेजवळच्या गावांत तर फोन कधी कर्नाटकातल्या टॉवरला धरतो, कधी महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या, आणि या शोधाशोधीत आणि दूरच्या टॉवरशी बोलण्यात तो स्वतःची बॅटरी भराभर उतरवतो. ती भरून कोण काढते? केबलमधून लॅपटॉप. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट जाऊ शकतात. विजेची खूण असलेल्या पोर्टमधून त्याहूनही जास्त. माझा लॅपटॉप हिशेबाच्या कामात नऊ वॉट घेतो, त्याचे साडेअकरा होतात, आणि साडेचार तास चालणारी बॅटरी साडेतीन तासांत संपते. एक पूर्ण तास मोबाइलने खाल्ला. अशा वेळी केबल काढून वायफाय हॉटस्पॉट वापरावा आणि मोबाइलला वेगळी पॉवर बँक द्यावी.

आता खरोखर बॅटरीच गेली आहे हे कसे ओळखावे? अहवालातली फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या निम्म्याच्या आसपास आली असेल, तर वाद नाही. ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर दोन शक्यता असतात. टक्के मोजणाऱ्या परिपथाचा अंदाज चुकला असेल, तर बॅटरी पूर्ण भरून, मग लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत वापरून आणि पुन्हा सलग पूर्ण भरून तो सुधारतो. यामुळे आकडा खरा होतो, क्षमता वाढत नाही. एवढे करूनही तसेच होत राहिले, तर आतले सेल थकले आहेत आणि भार पडताच त्यांचा व्होल्टेज कोसळतो. बदली बॅटरी घेताना मूळ बॅटरीवरचा भाग क्रमांक आणि व्होल्ट जुळलेच पाहिजेत, तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, आणि पक्के बिल घ्यावे.

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटणे, झाकण नीट न बसणे, खालचे आवरण फुगणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र कोणताही अहवाल काढत बसू नये. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, फुगलेल्या बॅटरीला दाबू नये, टोचू नये, आणि ती घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती त्यांच्या अधिकृत केंद्रात द्यावी.

राहिली माझी जुनी बॅटरी, जी मी दुकानदाराच्या शब्दावर काढून टाकली होती. माझा लॅपटॉप जुन्या पद्धतीचा असल्याने खालचा खटका सरकवला की बॅटरी हातात येते. म्हणून सप्टेंबरमध्ये एका रविवारी ती पुन्हा बसवली, पूर्ण भरली आणि अहवाल काढला. ४१,४४० पैकी २९,८००, म्हणजे ७२ टक्के. अजून सव्वातीन तासांचे काम तिच्यात आहे. ती आता निम्मी भरून कपाटात ठेवली आहे, आणि नंदगडला जायच्या दिवशी आदल्या रात्री पूर्ण भरून बॅगेत टाकतो. माउसही त्याच कप्प्यात असतो, खटका बंद करून.